डोळे शेवटी

मांडवी

तैपेईहून परत आल्यापासून आमच्या रत्नागिरीच्या मांडवीत मला एकच प्रश्न विचारतात: तिकडे साप खातात का? खातात. आपण कुर्ल्या खातो, तिसऱ्या खातो, आणि घाटावरच्या कुणी नाक मुरडलं की त्याच्या अंगावर जातो. तेव्हा सापाचं तेवढं सोडून द्या. मी तिकडे साप बघायला गेले नव्हते. टीव्हीवरची कार्टून कशी करतात ते शिकायला गेले होते आणि तिथे भांडून आले. त्या भांडणाची गोष्ट आता प्रत्येकाच्या तोंडी वेगळी व्हायला लागली आहे. कुणी म्हणतं मला हाकलून दिलं, कुणी म्हणतं मी गोऱ्या साहेबाच्या थोबाडीत दिली. दोन्ही खोटं. म्हणून एकदा मीच लिहून टाकते.

आमच्या घराला लागून चिऱ्याची लांबट पडवी आहे. तीच आमची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायची जागा. आषाढात माती येते आणि चतुर्थीपर्यंत तिथे पाय ठेवायला जागा नसते. आमच्याकडे एक रीत आहे. पितांबर, शेला, सोंड, दागिने, सगळं रंगवून झाल्यावर डोळे. सर्वांत शेवटी, सकाळी आंघोळ करून, पोटात काही न घालता, एका बैठकीत. त्याला आम्ही डोळे उघडणं म्हणतो. डोळे उघडले की मूर्तीच्या तोंडावर रुमाल पडतो आणि तो यजमानाच्या घरी पाटावरच निघतो. डोळे उघडायच्या आधी ती माती असते, मांडीवर घेतली तरी चालते. नंतर तिच्याकडे पाय करून कुणी बसत नाही.

हे डोळ्यांचं काम अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. त्यांचा हात थरथरायला लागला तसं ते माझ्याकडे आलं. पहिल्याच वर्षी पालीच्या एका यजमानांनी हरकत घेतली की बाईमाणसाने उघडलेले डोळे त्यांच्या घरी चालायचे नाहीत. अण्णा शांतपणे म्हणाले, "मग अशीच घेऊन जा. डोळे तुम्ही काढा." यजमानांनी पान जमवलं, खाल्लं आणि मी डोळे उघडलेलीच मूर्ती ते घेऊन गेले. तेव्हापासून आजतागायत येताहेत.

मी चित्रकलेचा डिप्लोमा करून इथल्याच हायस्कुलात शिकवलं आणि मग मुंबईला एका छोट्या स्टुडिओत लागले. साबणाच्या, दंतमंजनाच्या जाहिरातींची कार्टून करायची. टीव्हीला रंग येऊन तीन-चार वर्षं झाली होती आणि आमचे देसाईसाहेब हवेत होते. त्यांनी कुठून तरी एक सूत जमवलं. अमेरिकेत एक खेळण्यांची कंपनी आहे, ती आपल्या खेळण्यांवर टीव्हीसाठी कार्टून काढते, आणि ती कार्टून प्रत्यक्षात तैवानला, तैपेईत, हाताने रंगवली जातात. तिथे काम इतकं तुंबलंय की थोडं रंगकाम मुंबईला मिळू शकेल. मात्र आधी आमच्यातल्या दोघांनी तिथे जाऊन त्यांची पद्धत शिकायची आणि पास व्हायचं.

साहेबांनी माझं नाव काढलं तेव्हा मी अट घातली. काम मिळालं तर रंगवण्याची शाखा रत्नागिरीत निघाली पाहिजे, आमच्या पडवीत. पडवी वर्षातले आठ-नऊ महिने रिकामी असते. माझ्या जुन्या विद्यार्थिनी, मांडवीतल्या आणि थेट मंडणगडकडच्याही, ज्यांच्या हातात सोनं आहे, त्या काजूच्या कारखान्यात बसून बिया फोडतात आणि चिकाने हात काळे करून घेतात. भाऊ मुंबईला, बाप मुंबईला, आणि ह्या इथे. मी साहेबांना म्हटलं, ब्रश धरता येणाऱ्या मुली मी देते, जागा मी देते, तुम्ही काम द्या. साहेब म्हणाले, "तैपेईवाल्यांनी तुम्हाला पास केलं तर शाखा तुमची, वसुधाबाई. नाही केलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही." मी म्हटलं, बरं.

घोडं अडलं ते श्रावणात. जायचं होतं ऐन श्रावणात, म्हणजे शाळेत मूर्ती उभ्या आणि डोळे उघडणारी परदेशात. अण्णांना सांगायचं कसं म्हणून दोन दिवस मी नुसती आत-बाहेर करत होते. त्यांनीच विषय काढला. म्हणाले, "वसू, गणपती दरवर्षी येतो. जा तू. ह्या वर्षी डोळे मी उघडतो, थोडे वाकडे झाले तर तो समजून घेईल."

तैपेई

बरोबर जगताप होता. कोल्हापूरचा, कॅमेऱ्यावर काम करणारा, माझ्याहून लहान, आणि पिशवीत कपड्यांपेक्षा चटणी जास्त. माझ्या बोलण्याचा हेल ऐकून तो हसायचा आणि त्याचं 'लई' ऐकून मी. हाँगकाँगला विमान बदलून तैपेईला उतरलो तर तिथल्या अधिकाऱ्याने माझी बॅग उघडली आणि आमसुलांची पुडी बाहेर काढली. काळं, चिकट, ओलसर काहीतरी. त्याने हुंगलं, दुसऱ्याला बोलावलं, त्यानेही हुंगलं. समजावून कळेना तेव्हा मी एक तोंडात टाकलं आणि एक त्याच्या हातावर ठेवलं. त्याने बिचाऱ्याने खाल्लं. त्याचा एक डोळा मिटला तो बराच वेळ उघडेना, आणि मग त्याने हातानेच खूण केली, न्या, न्या. जगताप पुढे आठवडाभर ती गोष्ट स्वतःशीच आठवून हसत होता.

खरं सांगू, मला परदेश वाटलाच नाही. हवा आपल्या आगोटीच्या, म्हणजे पावसाच्या तोंडावरच्या, वेळेसारखी, अंगाला कपडा चिकटणारी. बाजारात मासळी, रस्त्यात मासळी, आणि जेवायला दोन्ही वेळा भात. पेरू चिरून त्यावर आंबट-खारट पूड टाकून विकतात, ते खाताना तर शाळेच्या फाटकाबाहेर उभी असल्यासारखं वाटलं. सकाळी सोयाबीनचं गरम दूध आणि त्यात बुडवून खायला हातभर लांबीचा पिठाचा तळलेला दांडा, तोही मला आवडला. फक्त तिखटाचा पत्ता नाही. दुपारच्या डब्यात भात, तळलेला मासा, काळपट अंडं आणि फिका कोबी. जगताप डबा उघडला की आधी त्यावर चटणीचा सडा घालायचा आणि आजूबाजूच्या बायका मान वेळावून बघायच्या. मला मात्र रोज दुपारी सोलकढीची इतकी आठवण यायची की एकदा मी पेल्यात आमसूल भिजत घालून नुसतं तेच पाणी प्यायले.

स्टुडिओ म्हणजे चार मजली इमारत, खाली शेवयांच्या सुपाचं दुकान. रंगकाम तिसऱ्या मजल्यावर, आणि तिथे सगळ्या बायका. पांढरे सुती हातमोजे घालून रांगेने बसलेल्या. पंखा नाही, कारण धूळ उडते. आमच्या शाळेतही रंगाच्या वेळी वारा चालत नाही, त्यामुळे घाम पुसत काम करायला मी सरावलेली होते. जगताप वरच्या मजल्यावर कॅमेऱ्याकडे गेला. दुपारी जेवण झालं की एक बाई सगळे दिवे घालवायची आणि अख्खा मजला टेबलावर डोकं टेकून झोपायचा. तिथले साहेबसुद्धा. मुंबईत टेबलावर डोकं ठेवलं तर दुसऱ्या दिवशी नोकरी जाईल, इथे न झोपणारीकडेच सगळ्या संशयाने बघत. मग मीही डोकं टेकायला शिकले.

रंगखात्याच्या मुख्य लिनबाई. पन्नाशीच्या, बुटक्या, केस कापलेल्या, आवाज न चढवता धाक असलेल्या. त्यांना मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं, मलाही तेवढंच, त्यामुळे आमचं छान जमलं. त्यांच्या टेबलावर एक बाहुला उभा असायचा. अंगभर खवल्यांचं केशरी चिलखत, दणकट खांदे आणि बसायला लोखंडी कासव. मी त्याचं नाव खवल्या ठेवलं. हाच आमचा नायक. मला वाटलं, कार्टून गाजलं असेल म्हणून बाहुला काढला. लिनबाई हसल्या. आधी बाहुला निघाला, दुकानात गेला, आणि मग त्याला गोष्ट हवी म्हणून कार्टून. आपल्याकडे आधी गोष्ट असते आणि मग त्यातला मारुती जत्रेत लाकडाचा होऊन मिळतो. इथे मारुती तयार आणि रामायण लिहायला माणसं बसवलेली.

बाहुल्याचा राखणदार म्हणजे वॉरन. खेळण्याच्या कंपनीचा अमेरिकन माणूस, रोज स्वच्छ इस्त्रीचा सदरा, हातात बाहुला. एका प्रसंगात खवल्या चिखलात पडतो, तर वॉरनने तो चिखल काढायला लावला. दुकानात बाहुला चकचकीत आहे, तर टीव्हीवर मळका कसा? आणि दुष्ट माणूस कधी मरत नाही, कारण तोही दुकानात विकायला आहे. हे ऐकून जगताप म्हणाला, "ताई, मग ह्यांनी लढायचं तरी कशाला ओ?"

उलटं काम

आता थोडं कामाबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कार्टूनमधलं प्रत्येक चित्र पारदर्शक प्लास्टिकच्या कागदावर असतं, त्याला सेल म्हणतात. पुढच्या बाजूला काळ्या रेघा आणि रंग मागच्या बाजूने. पुढून बघितलं की रंग रेघांच्या आत बसलेला दिसतो. मागून रंगवायचं म्हटलं की सगळंच उलटं होतं. जे पुढून सर्वांत वर दिसणार ते आधी. डोळ्यातला पांढरा ठिपका आधी, मग बुबुळ, मग डोळ्याचं पांढरं, मग कपाळ-गाल, म्हणजे चेहरा शेवटी. तो नियम तिथे भिंतीवर चित्रं काढून लावलेला होता. डोळे सगळ्यांत आधी.

मी पहिल्या दिवशी ब्रश उचलला, डोळ्यावर नेला आणि हात खाली ठेवला. जमेना. तुम्ही म्हणाल काय हा हट्ट, प्लास्टिकचा खवल्या तो, काय देव आहे? मीही मला तेच म्हणत होते. पण लहानपणापासून हाताला एकच वळण. अंग नाही, तोंड नाही, आणि नुसते दोन डोळे हवेत तरंगत माझ्याकडे बघताहेत, हे माझ्या मनाला पटेना. आणि कामाच्या दृष्टीनेही बघा. माझं म्हणणं, डोळ्यांची जागा मोकळी सोडून बाकी सगळं रंगवलं आणि मग सकाळच्या ताज्या नजरेने एका प्रसंगातले सगळे डोळे एका बैठकीत केले, तर बिघडतं कुठे? रंग मागूनच लागणार, बसणार आपापल्या जागीच. मी तसंच करायला लागले. कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. डोळे झाले की सेल पुढे जायचे. कुणाला पत्ताही लागला नाही आणि कामाला कुणी नावंही ठेवली नाहीत.

आणि मग ती संध्याकाळ आली. खवल्या कासवावर बसून डोंगरातून येतो असा लांबलचक प्रसंग माझ्याकडे होता. चेहरे भरून झाले, डोळे उद्या सकाळी करायचे होते; एरवी माझी छोटी चळत टेबलावरच राहायची, ही मावेना म्हणून मी सेल रॅकवर वाळत ठेवले आणि खोलीवर गेले. तपासणारी बाई तिच्या नियमाने आली. तिथे चेहरा शेवटी भरतात, त्यामुळे चेहरा भरलेला दिसला की सेल पूर्ण झाला असं ती समजते. तिने चेहरे भरलेले पाहिले, चळत उचलली आणि कॅमेऱ्याकडे पाठवून दिली.

सकाळी आंघोळ करून उपाशीपोटी पोचले तर रॅक रिकामा. वर पळत गेले. जगताप रात्रपाळी संपवून चपला घालत होता. म्हणाला, "तुमचा सीन ना? मीच घेतला की रात्री. लई भारी आलाय." मी विचारलं, डोळे नाहीत हे दिसलं नाही का? तो म्हणाला, दिसलं की, पण मला वाटलं गोष्टीत गडी आंधळा झालाय. ह्याला काय बोलणार? फिल्म तोवर धुऊन आली होती आणि खालच्या अंधाऱ्या खोलीत सगळे बघायला बसले होते. वॉरनसुद्धा.

तुम्ही कल्पना करा. सेलच्या मागे डोंगराचं चित्र ठेवून फोटो काढतात. डोळ्यांची भोकं तशीच, त्यामुळे खवल्याच्या डोळ्यांच्या जागी मागचा हिरवा डोंगर सरकत होता. कासव झुलतंय, खवल्या तलवार उगारतोय आणि खोबणींतून झाडं पळताहेत. मागच्या बाकावर एक बाई किंचाळली. तो त्यांचा भुतांचा महिना होता. आपल्या पितृपक्षासारखा, पण पितर ओळखीचे असतात, ह्यांच्याकडे ज्यांना कुणी नाही अशी भुतंही येतात. अशा महिन्यात पडद्यावर बिनडोळ्यांचा गडी. दिवे लागले तेव्हा वॉरनचा चेहरा खवल्याच्या चिलखताइतका केशरी झाला होता.

भुतांचा महिना

संध्याकाळी मुंबईहून फोन आला. तैपेईहून तार गेली होती म्हणे. देसाईसाहेब फार ओरडले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. म्हणाले, "उद्या माफी मागा आणि उद्यापासून डोळे आधी रंगवा. नाही जमत तर परत या आणि रत्नागिरीचं विसरा."

रात्रभर मी चिडून होते. स्वतःवर नाही, हे आत्ताच सांगते. न सांगता केलं ही माझी चूक, ती मी पदरात घेते. पण डोळे शेवटी रंगवणं ही चूक? ते मी आयुष्यात कबूल करणार नव्हते. पण डोळ्यांपुढे त्या मुलीही येत होत्या, काजूच्या चिकाने बोटांची सालं निघालेल्या. त्यांच्यासाठी दोन शब्द गिळले तर माझं काय जातंय? मग वाटलं, ज्या हाताच्या जोरावर मी त्यांना काम मिळवून देणार, त्या हातालाच मी आज खोटं म्हटलं तर त्यांना उद्या शिकवू काय?

दुसऱ्या दिवशी दुपारी फाटकाबाहेर भुतांसाठी टेबलं मांडली. बिस्किटांचे पुडे, फळं, उकडलेली अख्खी कोंबडी, उदबत्त्यांचे जुडगे. सगळा स्टुडिओ ओळीने उभा राहून नमस्कार करत होता. ज्याला घर नाही त्यालाही जेवायला घाला, ही कल्पना मला फार आवडली. आमच्याकडेही पानावर भात वाढून वाडी दाखवतात, गावच्या राखणदाराला नारळ देतात, पण परक्या भुताला इतक्या मानाने कुणी वाढत नाही. लिनबाईंनी मलाही खूण केली. माझ्याजवळ आंबापोळीचा एक तुकडा उरला होता, तो मी कोंबडीशेजारी ठेवला. रत्नागिरीचा आंबा तैपेईच्या भुतांनी खाल्ला की नाही ते त्यांनाच ठाऊक.

तिथेच उभं राहून लिनबाईंनी मला विचारलं, का केलंस? मी पिशवीतून कागद काढला आणि गणपती काढून दाखवला. आधी सगळं अंग. मग डोळे. मग तोंडावर रुमाल. तशी लिनबाईंनी माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि शेजारी त्यांचा देव काढला, लांब दाढीचा. त्याच्या डोळ्यांवर एक पट्टी काढली. म्हणाल्या, लाल. त्यांच्या गावच्या देवळात नवी मूर्ती आली की डोळ्यांवर लाल कापड असतं, आणि डोळे उघडायचा विधी झाल्याशिवाय ते काढत नाहीत.

"मग हे आधी सांगायचं ना," त्या म्हणाल्या.

"तुम्ही विचारायचं ना," मी म्हटलं.

त्या हसल्या, पण बाई कामाला पक्की. म्हणाल्या, देवाचं ठीक आहे. माझी तपासणारी चेहरा बघते. उद्या दुसरी कुणी तुझ्यासारखं करेल आणि पुन्हा भोकं पडद्यावर जातील. हे खरं होतं. तेच डोक्यात घेऊन मी लिनबाईंबरोबर वॉरनच्या खोलीत गेले.

वॉरन माफीची वाट बघत होता. मी उभ्यानेच बोलले. इंग्रजी माझं असं-तसं, पण त्या दिवशी अडलं नाही.

"न सांगता केलं, त्याची माफी मागते. डोळे शेवटी केले, त्याची मागणार नाही. माझ्या घरी देवाचेसुद्धा डोळे शेवटी करतात आणि आजवर कुणाचा देव परत आलेला नाही. एक प्रसंग मला द्या, तोच तुमच्या चांगल्यातल्या चांगल्या बाईला द्या. ती तिच्या पद्धतीने करेल, मी माझ्या. दोन्ही पडद्यावर दाखवा. माझे डोळे वाईट निघाले तर मी उद्याच्या विमानाने जाते."

वॉरनने लिनबाईंकडे पाहिलं. लिनबाई म्हणाल्या, ठीक आहे, प्रसंग मी निवडते. मला वाटलं सोपा देतील. त्यांनी खवल्याच्या तोंडाचा अगदी जवळचा प्रसंग दिला, म्हणजे नुसते डोळेच डोळे. पापण्या मिटताहेत, उघडताहेत. म्हातारीने काही दयामाया दाखवली नाही.

दिवसभर मी अंग आणि चेहरे केले. संध्याकाळी उठताना भीती वाटली, पुन्हा कुणी उचलून नेलं तर? खांद्यावरची ओढणी काढली आणि चळतीच्या वर अलगद तंबूसारखी घातली, आमच्या शाळेत रुमाल घालतात तशी. तपासणारी आली, ओढणी बघून थबकली आणि लिनबाईंकडे वळली. त्यांनी फक्त मान हलवली. ती पुढच्या रॅककडे गेली. इतकं सोपं होतं, आणि मला आदल्या दिवशी सुचलं नव्हतं. सकाळी आंघोळ करून, काही न खाता बसले आणि दुपारचे दिवे जाईपर्यंत सगळे डोळे उघडले. त्या दिवशी मी टेबलावर डोकं टेकलं तशी गाढ झोपले.

दोन्ही फिल्म लागोपाठ लावल्या. कुणाची कुठली ते फक्त लिनबाईंना ठाऊक. वॉरनने एकदा पाहिल्या, पुन्हा लावायला सांगितल्या, बाहुला डोळ्यांपुढे धरून तिसऱ्यांदा पाहिल्या. खोटं कशाला बोलू, मला जिंकायचं होतं. त्याने म्हणावं की ही बघा, ही जिवंत आहे, असं मला मनापासून वाटत होतं. आणि तो काय म्हणाला? "फरक दिसत नाही." खांदे उडवले. "वेळेवर होत असेल तर मला काय, कसंही रंगवा." आणि बाहुला काखेत मारून जेवायला गेला. एवढ्यासाठी मी रात्रभर जागले होते. मी तिथेच त्याच्या पाठीला मराठीत दोन शब्द सुनावले. जगतापने तेवढे ऐकले आणि तो खोकल्याचं सोंग घेऊन बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या रॅकवर लाल कापड घडी करून ठेवलेलं होतं. उरलेले सगळे दिवस संध्याकाळी मी ते चळतीवर घालायची आणि तपासणारी त्या रॅकला हात लावायची नाही. निघताना लिनबाईंनी मला पास केल्याचं देसाईसाहेबांना कळवलं. वॉरननेही जाताना हसून हात मिळवला आणि एक खवल्या भेट दिला, कासवासकट.

परत मांडवीत

चतुर्थी होऊन गेली होती. अण्णांनी सगळ्या मूर्तींचे डोळे एकट्याने उघडले होते. पालीच्या यजमानांनी एवढंच म्हटलं म्हणे की यंदा देव जरा तिरका बघतोय, पण बघतोय आमच्याचकडे. मी खवल्या अण्णांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, अंगठ्याने त्याच्या डोळ्यांवरून हात फिरवला आणि विचारलं, "ह्याचे डोळे कुणी उघडले?"

"मशीनने. छापतात."

"मग उघडलेच नाहीत म्हणायचे," अण्णा म्हणाले आणि तो फडताळात ठेवून दिला.

दिवाळीनंतर पडवीत टेबलं लागली. मंडणगडची सुलभा आली, मांडवीतल्या मुली आल्या, आणि पहिल्या दिवशीच मी त्यांना दोन्ही पद्धती शिकवल्या. भिंतीवरचा नियमही सांगितला आणि आमचाही. म्हटलं, जिला जी पटेल ती करा, पण डोळे बाकी असतील तर रॅकवर रुमाल हवा. सगळ्यांनी रुमाल आणले. सगळ्यांनीच डोळे शेवटी करा असं मी सांगितलं नव्हतं हो, त्यांचं त्यांनी ठरवलं. गणपतीच्या शाळेत बसून डोळे आधी करायला एकही तयार होईना.

मग मुंबईच्या आमच्या स्टुडिओतून पेडणेकर आले, तपासणीला. रात्रीच्या एसटीने डोळे लाल झालेले, हातात बॅग, आणि पडवीत पाऊल टाकतात तो रांगेने रॅक आणि प्रत्येकावर रुमाल. ते चक्रावले. त्यांना वाटलं काम झालंय आणि मुलींनी धुळीपासून झाकून ठेवलंय. त्यांनी पहिल्याच रॅकचा रुमाल उचलला. खालून खवल्या बिनडोळ्यांनी त्यांच्याकडे बघत होता.

सुलभा ब्रश खाली न ठेवता म्हणाली, "तो रुमाल होता तसा ठेवा. डोळे उघडायचेत अजून."

"हा नियम कुठला?" पेडणेकरांनी विचारलं, तिला नाही, मला.

मी सुलभाकडे बघितलं. मला बघायचं होतं ती काय म्हणते.

"आमच्या शाळेचा," सुलभा म्हणाली. "उद्या सकाळी उघडणार आहोत. बघायचं असेल तर आंघोळ करून या."

पेडणेकरांनी रुमाल परत घातला आणि त्याची चारही टोकं नीट सरळ केली.